सहाण, सोनं आणि मधाचं बोट

आमची भाची साडेतीन महिन्यांची झाली आणि बेळगावच्या घरात दोन तट पडले. वहिनीच्या मोबाइलवर मेसेज आला होता : रविवारी पुष्य नक्षत्र, सुवर्णबिंदू प्राशन शिबिर. आजी म्हणाली, "न्या की! आम्ही तर घरीच चाटवत होतो." आणि कपाटातली चोख सोन्याची अंगठी काढून सहाण धुवायलाही घेतली. वहिनी मात्र अडून बसली.

आजीच्या बोलण्याला आधार होता. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात हेच आहे : पूर्वेला तोंड करून धुतलेल्या दगडावर थोड्या पाण्यात सोनं उगाळावं, मध-तुपात कालवून बाळाला चाटवावं. महिन्याभरात बाळ बुद्धिमान होतं, सहा महिन्यांत ऐकलेलं लक्षात ठेवतं, असं फळही दिलंय. (नेपाळात मिळालेल्या अपुऱ्या हस्तलिखितावरून हा ग्रंथ १९३८ साली छापला गेला.) गंमत म्हणजे त्या श्लोकांत ना पुष्य नक्षत्र आहे, ना भस्म. सत्तावीस दिवसांनी एकदा दोन थेंब, असंही तिथे नाही.

पण वहिनीची खरी अडचण सोन्याची नव्हतीच, मधाची होती. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते पचतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठ, मग रडणं क्षीण होतं, बाळ मान टाकतं, वेळेला श्वासही अडतो. याला बॉट्युलिझम म्हणतात. म्हणूनच बालरोगतज्ज्ञ पहिल्या वाढदिवसापर्यंत मधाचं बोटसुद्धा नको म्हणतात.

हे आजीला कसं पटवायचं? वहिनीनं बाळगुटीचा विषय काढला. "आजी, वेखंडाचे किती वेढे देत होता तुम्ही?"

"एकच, तोही हलका. जास्त झालं तर बाळाला सोसत नाही गं."

"मग त्या बाटलीतल्या थेंबात सोन्याचे किती वेढे, ते कोण सांगणार?"

आजी गप्प. शेवटी तिनंच शिबिराला फोन लावायला सांगितलं. थेंबात सोनं किती, भस्म कुणी बनवलं, बॅच नंबर काय, सगळं विचारलं. "शुद्ध आहे हो, काळजी करू नका," एवढंच उत्तर आलं. हळद विकणारासुद्धा याहून जास्त सांगतो!

वाढदिवसानंतर वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही विचारायचं ठरलं. चौदा आठवड्यांची लस मात्र सोमवारीच होती. अंगठी डब्यात गेली, आणि रिक्षात बाळाला मांडीवर घेऊन आजीच बसली.