तिसऱ्यांच्या पोटातील प्लास्टिक

पेडण्याच्या शापोरा नदीतील तिसरी निश्चल भासते. परंतु ती पाणी आत ओढून त्यातील अन्नकण गाळीत असते. त्यांबरोबर प्लास्टिकचे ५ मिलिमीटरहूनही लहान असे सूक्ष्म कण तिच्या पोटात शिरतात. सासष्टीतील साळ नदीच्या मुखातील शिंपल्यांत ते आढळल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. फ्रान्समधील २०१६ च्या प्रयोगात अशा कणांच्या पाण्यात दोन महिने ठेविलेल्या कालवांची अंडी घटली व पिल्लांची वाढ मंदावली. मोठ्या मासळीचे पोट आपण काढून टाकतो. तिसरी मात्र पोटासकट खातो. विद्यार्थिमित्रहो, डिचोलीच्या नदीत टाकलेली पिशवी उन्हाने जीर्ण होते. तिचे तुकडे मांडवीत उतरतात आणि तिसऱ्यांवाटे आपल्याच ताटात परत येऊ शकतात.