सुतारी हत्यारे व घरगुती दुरुस्ती

लाकूड आखणे, कापणे, तासणे, त्यास भोके पाडणे व त्याचे भाग सांधणे या कामांसाठी वापरण्यात येणाऱ्या हत्यारांस सुतारी हत्यारे म्हणतात. महाराष्ट्रातील बलुते पद्धतीत सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक असे. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी यांची दुरुस्ती करून सुगीत तो धान्यरूपाने मोबदला घेई. किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला; पुढे लोखंडी अवजारे व ट्रॅक्टर यांचा प्रसार झाल्यावर हे काम घटत गेले. त्यामुळे करकंबसारख्या (ता. पंढरपूर, जि. सोलापूर) गावांतही दार, खाट, दांडा यांची किरकोळ दुरुस्ती पुष्कळदा घरीच करावी लागते.

हत्यारे : घरगुती कामास मोजकी हत्यारे पुरतात. काटकोन पाहण्यासाठी गुण्या, ओबडधोबड तासण्यासाठी वाकस, पृष्ठ सपाट करण्यासाठी रंधा, खाचा साफ करण्यासाठी रुंद पात्याची पटाशी, खोल खाच पाडण्यासाठी अरुंद व जाड पात्याचे किकरे, भोकांसाठी गिरमिट किंवा सामता ही त्यांतील प्रमुख होत. देशी करवतीचे दात मुठीकडे वळलेले असल्याने ती ओढताना कापते. पाश्चात्त्य धर्तीची करवत ढकलताना कापते. करवतीचे दात आळीपाळीने डावीउजवीकडे किंचित वाकविलेले असतात. त्यामुळे काप पात्यापेक्षा रुंद होतो व करवत अडकत नाही.

धार : पटाशी व रंध्याचे पाते सुमारे २५° कोनात घासून दगडावर सुमारे ३०° कोनात धार लावतात, पात्याची मागील बाजू मात्र पूर्ण सपाट ठेवतात. सहाणचाकावर पाते वारंवार पाण्यात बुडवावे. ते तापून निळे पडल्यास पोलादाचे पाणी उतरते व धार टिकत नाही. बोथट पात्यावर अधिक जोर द्यावा लागतो व ते निसटून इजा होते. पटाशी चालविताना दोन्ही हात धारेच्या मागे असावेत.

लाकडाची हालचाल : लाकडातील जलांश सुमारे ३० टक्क्यांखाली गेला की ते आकसू लागते. रेषांच्या दिशेने हा फरक नगण्य असतो, परंतु आडव्या दिशेने तो बराच असतो. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४०° से. च्या वर जाते व हवा कोरडी असते; पावसाळ्यात तेच लाकूड ओलावा शोषून फुगते. म्हणून पावसाळ्यात घट्ट झालेले दार लगेच रंधल्यास उन्हाळ्यात फट पडते. घासणाऱ्या जागी खूण करून तेथे साबण किंवा मेण चोळावे व पाऊस सरल्यावरही दार अडल्यास तेवढाच भाग रंधावा.

दुरुस्ती : सैल झालेला कुऱ्हाडीचा दांडा पाण्यात भिजविण्याची रीत आहे, पण लोखंडी नेढ्यात फुगलेले तंतू चेपले जातात आणि वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षा सैल होतो. असे पाते काम करताना निसटून प्राणघातक ठरू शकते. त्यासाठी सरळ रेषांचा, पूर्ण वाळलेला दांडा बसवून त्याच्या माथ्यास नेढ्याच्या लांबीच्या दिशेने चीर द्यावी व तीत वाळल्या कठीण लाकडाची पाचर ठोकावी. बाभळीचे लाकूड या कामी उपयुक्त असते.

खाटेचा किंवा खुर्चीचा खिळखिळा सांधा खिळे ठोकून पक्का होत नाही. खिळ्याने लाकूड चिरते. सांधा उकलून जुना सरस कोमट पाण्याने काढावा, कुसू वाळू द्यावे, ते सैल असल्यास पातळ लाकडी कपची चिकटवावी आणि नवा सरस लावून सांधा दोरीच्या पिळाने रात्रभर आवळून ठेवावा. खिळा अपरिहार्य असल्यास, विशेषतः फळीच्या टोकाजवळ, आधी बारीक भोक पाडावे.