मूलपेशी : आशा आणि सबुरी

मनुष्यदेहाची सारी इमारत एकाच पेशीपासून उभी राहते, ही गोष्ट आपण शाळेंत शिकलेले असलों तरी तींतील नवल क्वचितच लक्षांत येतें. आईच्या उदरांत त्या एका पेशीच्या दोन होतात, दोहोंच्या चार होतात. पुढें त्यांतल्याच कांहीं रक्त बनतात, कांहीं हाड, कांहीं मेंदू, तर कांहीं डोळा. जी अद्याप विशेष असें कांहींच झालेली नाहीं, परंतु पुढें पुष्कळ कांहीं होऊं शकते, त्या पेशीस मूलपेशी म्हणतात. 'स्टेम सेल' हें तिचें इंग्रजी नांव जाहिरातींच्या द्वारें आतां घरोघर पोंचलें आहे. जाहिरात घरांत आली म्हणजे तिच्या पाठीमागचें शास्त्रहि घरांतील मंडळींस ठाऊक असावें, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

एकदां कातडी किंवा आंतडें झालेली पेशी पुन्हां मूळपदावर येऊं शकेल काय? शकणार नाहीं, असें बरींच वर्षें बहुतेक शास्त्रज्ञ समजत. पेशी एका कामास लागली कीं इतर कामांची विद्या ती गमावून बसते, असा त्यांचा तर्क होता. इंग्लंडांत ऑक्सफर्ड येथें जॉन गर्डन यांनीं केलेले व १९६२ सालीं प्रसिद्ध झालेले प्रयोग या तर्कास बाधक ठरले. त्यांनीं बेडकाच्या अंड्यांतील मूळचें केंद्रक निकामी केलें आणि त्या जागीं बेडकाच्या पिलाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्रक बसविलें. अशीं बहुतेक अंडीं वांया गेलीं. शेंकडा दोहोंपेक्षांहि कमी अंड्यांतून धडधाकट पोहणारीं पिलें निघालीं. परंतु तेवढीं पुरेशीं होतीं. आंतड्याच्या पेशींत सबंध बेडूक घडविण्याची विद्या शाबूत होती, हें त्यांवरून सिद्ध झालें. दृष्टान्त द्यावयाचा तर, प्रत्येक पेशीजवळ संपूर्ण पोथी असते. आपल्या कामाचा अध्याय ती वाचते आणि बाकीचे बासनांत बांधून ठेवते. पानें मात्र कोणी फाडलेलीं नसतात.

हेच गर्डन १९४९ सालीं ईटनच्या शाळेंत जीवशास्त्रांत अडीचशें मुलांत शेवटचे आले होते, आणि शास्त्रज्ञ होण्याचा त्यांचा विचार त्यांच्या शिक्षकांनीं हास्यास्पद ठरविला होता. मुलांच्या गुणपत्रिका पाहतांना वडील मंडळींनीं ही गोष्ट आठवावी!

बासन सोडतां येतें एवढें कळलें, पण गांठ कोठें आहे हें कळावयास आणखी चव्वेचाळीस वर्षें लागलीं. जपानांतील क्योटो विद्यापीठाचे शिन्या यामानाका यांचा जन्म योगायोगानें १९६२ सालचाच. त्यांनीं व त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनीं, मूलपेशींच्या अंगीं विशेष कार्य करणारे २४ जनुक निवडले. ते सर्व एकदम उंदराच्या कातडीच्या पेशींत घातले, तेव्हां त्यांतील कांहीं पेशी मूलपेशींसारख्या वागूं लागल्या. मग एकेक जनुक वगळीत गेल्यावर चार जनुकांनीं काम भागतें असें दिसून आलें. हें २००६ सालीं झालें. २००७ सालीं मनुष्याच्या पेशींवरहि हा प्रयोग साधला. १९९८ सालीं मनुष्याच्या मूलपेशी प्रथम मिळविण्यांत आल्या होत्या, त्या अवघ्या कांहीं दिवसांच्या गर्भापासून. त्यामुळें नीतीचा मोठा प्रश्न उभा राहिला होता. नव्या रीतीनें गर्भास हात लावण्याचें कारण उरलें नाहीं. २०१२ सालीं गर्डन व यामानाका यांस नोबेल पारितोषिक विभागून मिळालें.

येथवर सर्व शुभवर्तमान झालें. परंतु त्या चार जनुकांपैकीं एकाचा कर्करोगाशीं निकटचा संबंध आहे. आणि जी पेशी वाटेल तें होऊं शकते, ती आवरली नाहीं तर गांठहि होऊं शकते. म्हणूनच खरे संशोधक फार जपून पावलें टाकतात. उतारवयांत दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजून अंधत्व येऊं लागतें, असा एक रोग आहे. २०१४ सालीं कोबे येथें मासायो ताकाहाशी यांच्या मार्गदर्शनाखालीं अशाच एका वृद्ध स्त्रीच्या कातडीपासून मूलपेशी व त्यांपासून दृष्टिपटलाखालचा पापुद्रा तयार करून तिच्या डोळ्यांत बसविण्यांत आला. तिची दृष्टि फारशी सुधारली नाहीं, पण पुढें ढळलीहि नाहीं. दुसऱ्या रोग्यासाठीं तयार केलेल्या पेशींत मात्र जनुकांचे कांहीं फेरफार आढळले. त्याबरोबर २०१५ सालीं त्यांनीं काम थांबविलें.

त्याच वर्षीं अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत एका खासगी दवाखान्यानें याच रोगाच्या तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत, त्यांच्याच चरबींतून काढलेल्या पेशी टोंचल्या. प्रत्येकीकडून पांच हजार डॉलर घेतले. तिघींचीहि दृष्टि बव्हंशीं किंवा पूर्णपणें गेली. रोग एकच, वर्षहि एकच. एकीकडे शंका येतांच हात आवरला गेला, दुसरीकडे पैसे घेऊन प्रयोगालाच उपचार म्हटलें गेलें.

आपल्या देशांतहि ही भीति दूरची नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ सालच्या नियमावलींत स्पष्ट सांगितलें आहे कीं, रक्ताच्या कांहीं ठराविक रोगांवरील मूलपेशींचें रोपण सोडल्यास, मान्यताप्राप्त चाचणीबाहेर रोग्यावर मूलपेशींचा प्रयोग करणें अनैतिक होय. बाळंतपणाच्या वेळीं नाळेंतील रक्त पैसे भरून बाळासाठीं जपून ठेवावें, असा आग्रह होतो. त्यासहि शास्त्रीय आधार नाहीं असें परिषदेचें मत आहे. कारण उघड आहे. मुलास थॅलॅसेमियासारखा आनुवंशिक रोग असेल, तर तोच दोष त्याच्या नाळेंतील पेशींतहि असतो. १९८८ सालीं पॅरिस येथें नाळेच्या रक्ताचें पहिलें रोपण यशस्वी झालें, तेंहि रोगी मुलाच्या स्वतःच्या नव्हे, तर त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेंतील रक्तानें. घरांतील एखाद्या भावंडास असा रोग असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें नाळेचें रक्त जपण्यांत अर्थ आहे, एरवीं नाहीं.

याचा अर्थ आशा सोडावी असा नव्हे. २०२५ सालीं क्योटो येथील संशोधकांनीं कंपवाताच्या सात रोग्यांच्या मेंदूंत अशा पेशींपासून तयार केलेल्या चेतापेशी घालून, दोन वर्षेंपर्यंत गंभीर अपाय झाला नाहीं असें प्रसिद्ध केलें. शास्त्र पुढें जात आहे. फक्त तें आपल्या दुखण्याच्या घाईनें जात नाहीं. तेव्हां कोणी मूलपेशींचा उपचार सुचविल्यास घरांतील कर्त्या माणसांनीं दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ही नोंदलेली चाचणी आहे काय? आणि असल्यास आमच्याकडून पैसे कां घेतां? समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं तर नमस्कार करून परत यावें, हेंच श्रेयस्कर.