सुई टोचल्यानंतरचे ७२ तास

एचआयव्हीबाधित रुग्णासाठी वापरलेली सुई परिचारिकेच्या बोटात घुसली, तर संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के असते. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात हा आकडा आधी सांगायला हवा. निम्मी भीती त्यानेच ओसरते. मग कृती: जखम साबण-पाण्याने धुवायची, बोट पिळायचे नाही, लगेच वरिष्ठांना कळवायचे. प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या. अशी इजा टाळण्यासाठी वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावण्याची सवय मोडणे मात्र अवघडच. भारतात २०१७च्या एचआयव्हीविषयक कायद्याने अशा गोळ्या, हातमोज्यांसारखी साधने आणि प्रशिक्षण पुरवण्याची जबाबदारी रुग्णालयांवर टाकली. बाधिताला भेदभावाने उपचार नाकारणेही त्याच कायद्याने बेकायदा ठरले.