एका रुपयात बघता येतो उमेदवाराचा निवडणूक खर्च. मग तो आपल्याला दिसत का नाही?

प्रचाराच्या काळात तुमच्या मतदारसंघात किती बॅनर लागले, किती गाड्या फिरल्या, किती जेवणावळी उठल्या, हे तुम्ही स्वतः पाहिलेलं असतं. यातलं उमेदवाराने कागदावर किती दाखवलं, हेही तुम्हाला बघता येतं. निवडणूक संचालन नियम, 1961 मधला नियम 88 सांगतो की कोणतीही व्यक्ती एक रुपया शुल्क भरून हा हिशोब तपासू शकते आणि ठरलेली फी भरून त्याची साक्षांकित प्रत घेऊ शकते.

त्यासाठी पत्रकार किंवा वकील असण्याची गरज नाही. तरीही हे कागद उघडणारे लोक मोजकेच असतात. असं का? सोप्या भाषेत समजून घेऊया.

उमेदवाराला काय द्यावं लागतं?

महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला जास्तीत जास्त 40 लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख रुपये खर्च करता येतात. गोव्यात ही मर्यादा 28 लाख आणि 75 लाख आहे. 2022 मध्ये हे आकडे ठरले.

निकालानंतर 30 दिवसांच्या आत उमेदवाराला आपला हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा लागतो. ठरलेल्या वेळेत आणि पद्धतीने तो दिला नाही आणि त्याचं योग्य कारणही सांगता आलं नाही, तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मर्यादेपेक्षा जास्त खर्च हा तर कायद्याने 'भ्रष्ट आचार' आहे. तो सिद्ध झाला तर निवडणूकच रद्द होऊ शकते.

(महापालिका आणि जिल्हा परिषदांचं काम राज्य निवडणूक आयोग पाहतो. तिथले नियम वेगळे आहेत.)

खरी अडचण: हातात फक्त 15 दिवस

निवडणुकीला आव्हान द्यायचं असेल, तर हायकोर्टात निवडणूक याचिका करावी लागते. त्या मतदारसंघातला साधा मतदारही ती करू शकतो. पण मुदत असते निकालापासून 45 दिवसांची.

आता गणित मांडूया. महाराष्ट्र विधानसभेचा निकाल 23 नोव्हेंबर 2024 ला लागला. खर्चाचा हिशोब देण्याची मुदत 23 डिसेंबरपर्यंत. याचिकेची मुदत 7 जानेवारी 2025 ला संपली. एखाद्या उमेदवाराने शेवटच्या दिवशी हिशोब दिला असेल, तर मतदाराकडे उरले फक्त 15 दिवस.

या 15 दिवसांत काय काय करायचं? हिशोब जमा झाल्याची सूचना नियमानुसार लागते ती कार्यालयाच्या नोटीस बोर्डावर. तिथे जायचं, कागद बघायचे, प्रत मिळवायची, ती प्रत्यक्ष प्रचाराशी ताडून बघायची आणि वकील गाठायचा. उमेदवारांच्या खर्चाच्या गोषवाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या वेबसाइटवर टाकल्या जातात, पण त्या असतात कागदाच्या फोटोसारख्या. त्यातलं नाव सर्च करता येत नाही, आकड्यांची बेरीज करता येत नाही. एक-एक पान डोळ्यांनीच वाचावं लागतं.

हे कागद बघून काय होतं?

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे. 2009 च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्याबद्दल अनेक वर्तमानपत्रांत भरभरून मजकूर छापून आला. काही मजकूर तर वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत अगदी सारखाच होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे समोर आणलं. चव्हाणांच्या अधिकृत हिशोबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवरचा खर्च होता 5,379 रुपये.

भोकर मतदारसंघातले पराभूत उमेदवार माधव किन्हाळकर यांनी आयोगाकडे तक्रार केली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मे 2014 मध्ये कोर्टाने सांगितलं की हिशोब वेळेत आला का, एवढंच बघून आयोगाने थांबायचं नाही, तो खरा आहे का हेही तपासता येतं. पुढे आयोगाने चव्हाणांना नोटीस बजावली, पण सप्टेंबर 2014 मध्ये दिल्ली हायकोर्टाने आयोगाचा आदेश रद्द केला. चव्हाण अपात्र ठरले नाहीत.

पण देशभरातल्या 'पेड न्यूज'च्या चर्चेला जोर आला तो या कागदांमुळे. हिशोबाचा कागद आणि वर्तमानपत्राचं पान शेजारी ठेवता आलं नसतं, तर प्रश्नच उभा राहिला नसता.

पक्षांचं काय?

इथे चित्र आणखी धूसर आहे. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही. पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर केलेला खर्च आणि स्टार प्रचारकांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही.

देणग्यांमध्ये 20 हजार रुपयांपेक्षा जास्त रक्कम देणाऱ्यांचीच नावं आयोगाला कळवावी लागतात. त्याखालचे देणगीदार बिननावाचे राहतात.

आणि वेळेचं काय? विधानसभा निवडणुकीनंतर पक्षांना खर्चाचं विवरण द्यायला 75 दिवस मिळतात, लोकसभेनंतर 90 दिवस. म्हणजे याचिकेची मुदत संपल्यावर हा कागद येतो. देणग्यांचा वार्षिक अहवाल तर त्याहून कित्येक महिने उशिरा.

'जाहीर केलं' म्हणजे 'कळलं' नाही

इलेक्टोरल बाँड आठवतात? 15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. स्टेट बँकेने माहिती द्यायला 30 जूनपर्यंत वेळ मागितला, तो कोर्टाने नाकारला. 14 मार्चला आयोगाने दोन याद्या वेबसाइटवर टाकल्या: बाँड कोणी विकत घेतले आणि कोणत्या पक्षाने वटवले. 12 हजार कोटींहून जास्त रकमेचे व्यवहार होते. पण कोणाचा बाँड कोणाकडे गेला, हे त्या याद्यांवरून कळत नव्हतं.

कोर्टाने पुन्हा खडसावल्यावर 21 मार्चला प्रत्येक बाँडचा क्रमांक बाहेर आला आणि काही तासांतच देणगीदार आणि पक्ष यांच्या जोड्या लागू लागल्या. फरक पडला तो फक्त एका रकान्याने.

नियम कुठल्या दिशेने बदलतायत?

एक पाऊल पुढे पडलंय. जुलै 2023 मध्ये आयोगाने पक्षांसाठी ऑनलाइन पोर्टल सुरू केलं. देणग्यांचे अहवाल, वार्षिक लेखे आणि निवडणूक खर्च तिथे भरता येतो. पण ते पूर्ण बंधनकारक नाही. ऑनलाइन भरायचं नसेल, तर लेखी कारण देऊन पक्ष कागदावर माहिती देऊ शकतो.

दुसरं पाऊल उलट दिशेचं आहे. 20 डिसेंबर 2024 ला केंद्र सरकारने नियम 93 बदलला. आधी निवडणुकीशी संबंधित इतर सर्व कागदपत्रं लोकांना बघायला खुली होती. आता 'या नियमांत नमूद केलेली' कागदपत्रंच खुली आहेत. मतदान केंद्रावरच्या सीसीटीव्ही फुटेजचा गैरवापर टाळण्यासाठी हे केल्याचं सांगण्यात आलं. या बदलाला सुप्रीम कोर्टात आव्हान देण्यात आलं.

उमेदवाराचा हिशोब नियम 88 मध्ये थेट नमूद आहे, त्यामुळे तो बघण्याचा हक्क शाबूत आहे. पण प्रचारखर्चावर नजर ठेवताना यंत्रणा स्वतःची समांतर नोंदवही ठेवते, सभांचं चित्रीकरण करते. उमेदवाराचं खोटं पकडायला हेच पुरावे उपयोगी पडतात. ते 1961 च्या नियमांत नाहीत, आयोगाच्या सूचनांमधून आलेत. म्हणजे ते मिळणं आता नियमापेक्षा आयोगाच्या सूचनांवर जास्त अवलंबून आहे.

मग काय बदलायला हवं?

फार मोठा कायदा लागत नाही. उमेदवाराचा हिशोब सर्च करता येईल अशा तक्त्यात भरून घ्यावा, तो जमा होताच ऑनलाइन दिसावा आणि पक्षांसाठी ऑनलाइन भरणं सक्तीचं करावं. अमेरिकेत फेडरल इलेक्शन कमिशनच्या वेबसाइटवर 200 डॉलरहून जास्त देणाऱ्याचं नाव घरबसल्या शोधता येतं. छुपा पैसा तिथेही आहे, पण जे जाहीर होतं ते निदान सापडतं तरी.

तोपर्यंत? पुढच्या विधानसभा किंवा लोकसभा निवडणुकीच्या निकालाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्यात 30 दिवस मिळवा. त्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात जा, नियम 88 चं नाव घ्या आणि एक रुपया भरा. प्रचारात काढलेले बॅनरचे, सभांचे फोटो मोबाइलमध्ये असतील तर तेही सोबत न्या.