वाचनाची सुरुवात अक्षरांच्या आधी होते

14 एप्रिलला आपल्या वस्तीतील प्रत्येक फलकावर ‘शिका’ हा शब्द असतो. पण त्याच वस्तीतील तिसरीच्या मुलाला तो फलक वाचता येतो का, हे आपण क्वचितच पाहतो. ‘असर’च्या 2024 च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीतील सुमारे 27 टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पुढे सगळेच विषय वाचून समजून घ्यावे लागतात. इथे अडकलेले मूल वर्गात बसूनही शिक्षणाबाहेर राहते आणि आपण म्हणतो, ‘त्याचे अभ्यासात डोके नाही.’

डोके असते. पाया राहिलेला असतो, आणि तो पाया शाळेच्या आधी घातला जातो.

लवकर वाचन म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ‘अ’ गिरवून घेणे नव्हे. कर्ज काढून मुलांना इंग्रजी नर्सरीत घालणारे अनेक पालक याच समजुतीत असतात. प्रत्यक्षात वाचनाची सुरुवात कानापासून होते. मुलाशी भरपूर बोलणे, त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणे, गोष्टी सांगणे यातून शब्दसाठा वाढतो. जो शब्द कधी ऐकलाच नाही, तो अक्षरे जुळवून उच्चारला तरी त्याचा अर्थ लागत नाही. म्हणूनच घरची बोली, मग ती वऱ्हाडी असो वा अहिराणी, मुलाची पहिली शिदोरी आहे. तिला ‘अशुद्ध’ म्हणून हसलो की मूल बोलायचे थांबते.

दुसरी पायरी म्हणजे शब्दातील आवाज ओळखणे. ‘का-व-ळा’ म्हणताना तीन टाळ्या, ‘पा-टी’ला दोन. ‘पाणी’सारखे सुरू होणारे शब्द कोणते? पान, पाय, पाल. चार-पाच वर्षांची मुले हे खेळ आनंदाने खेळतात. आवाज वेगळे करता आले, की प्रत्येक आवाजासाठी एक खूण असते हे पटकन उमगते.

अक्षरे त्यानंतर येतात. आपल्याकडे आधी सगळी मुळाक्षरे, मग सगळी बाराखडी आणि शेवटी शब्द, असा क्रम असतो. त्यामुळे अनेक महिने मुलाच्या हाती अर्थपूर्ण असे काहीच लागत नाही. त्याऐवजी क, म, ल, र ही चार अक्षरे आणि काना एवढेच घ्या. मामा, काका, मका, काम, मला, कमल, रमा असे कितीतरी शब्द तयार होतात. पहिल्याच आठवड्यात मूल ‘रमा’ वाचते आणि ही रमाई कोण, हे विचारते. मग दोन-तीन अक्षरे आणि एक-एक मात्रा वाढवत न्यायची. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. तिथे मुले गोंधळतात. जोडाक्षरे तर सर्वांत शेवटी. इथे घाई करू नये आणि रागावूही नये.

आपल्या विहारात यासाठी एक सोपे साधन आधीच आहे. मुलांना त्रिसरण-पंचशील तोंडपाठ असते. ते मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहा आणि म्हणताना प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवा. बोललेला शब्द कागदावर उतरतो, डावीकडून उजवीकडे जातो, हे मुलाला न सांगता कळते. मात्र पाठांतर म्हणजे वाचन नव्हे. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा, म्हणजे फरक लक्षात येईल.

पुस्तकांचे काय? अनेक विहारांत कपाट असते, त्यात बाबासाहेबांचे खंड असतात आणि कपाटाला कुलूप असते. चार वर्षांच्या मुलासाठी त्यात एकही चित्रांचे पुस्तक नसते. मॅट्रिक झालेल्या भीमरावांना 1907 मध्ये केळुस्कर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भेट दिले होते. योग्य वयात हाती पडलेले पुस्तक काय करू शकते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा मोफत आहेत, त्या छापून घेता येतात.

आई-वडील शिकलेले नसले तरी अडत नाही. चित्र पाहून ‘हा काय करतोय? पुढे काय होईल?’ असे विचारायला अक्षरओळख लागत नाही. आजीची गोष्ट हीसुद्धा वाचनाचीच तयारी आहे. आणि आठवीतील ताई धाकट्यांना रोज एक पुस्तक मोठ्याने वाचून दाखवू शकते. त्यात तिचेही वाचन सुधारते.

जयंतीची वर्गणी गोळा करताना या वर्षी एक ठराव करूया: खर्चातील थोडी रक्कम बालपुस्तकांसाठी, दोन कार्यकर्ते, दहा-बारा मुले आणि रोज संध्याकाळी वंदनेनंतर अर्धा तास. पुढच्या 14 एप्रिलला फलकावरचा ‘शिका’ हा शब्द त्याच मुलांकडून वाचून घेऊ.

जय भीम!