उमऱ्याला जाताय? गिलाफ-ए-काबाचं प्रदर्शन बघायची तयारी घरूनच करा

सुट्ट्या जवळ आल्या की रामदासपेठेतल्या आमच्या ओळखीच्या घरांत उमऱ्याची बोलणी सुरू होतात. एहराम, औषधं, रियाल, मोबाईलचं सिम, सगळ्याची यादी होते. पण काबाशरीफचा गिलाफ, म्हणजे किस्वा, जिथे तयार होतो ते ठिकाण बघायची तयारी कुणी करत नाही. आम्हीही केली नव्हती. बस थांबली, वीस मिनिटं मिळाली, निम्मी फोटोत गेली. परत आल्यावर मुलांनी विचारलं, "काय पाहिलंत?" आम्हाला नीट सांगता येईना. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी काय ठरवायचं?

गिलाफाचा कारखाना मक्केच्या उम्मुल-जूद भागात आहे. हरमपासून तिथे गाडीनेच जावं लागतं. जवळच हरमैनच्या बांधकामाचं प्रदर्शन आहे. काब्यात चढण्याची जुनी लाकडी शिडी, जमजमच्या विहिरीचे जुने भाग अशा वस्तू तिथे ठेवल्या आहेत.

टूरवाल्याला पैसे भरण्याआधीच विचारा: कारखाना दाखवणार की फक्त प्रदर्शन? परवानगी आणि वेळ कोण घेणार? आत किती वेळ मिळणार? व्हीलचेअरची सोय आहे का? भेटीच्या वेळा बदलत असतात, म्हणून जायच्या आदल्या दिवशी पुन्हा खात्री करा. उमरा केला त्याच दिवशी हे ठेवू नका. बुजुर्ग थकलेले असतात, लहान मुलं कंटाळतात.

बघायचं काय?

काळं रेशीम लांबून साधं दिसतं. जवळून बघा, त्याच काळ्या धाग्यात कलमा विणलेला आहे. हे विणकाम. त्यावर सोनेरी अक्षरं आहेत ती भरतकामाची. दोन्ही कामं वेगळी आहेत, हा फरक मुलांना तिथेच दाखवा.

गिलाफाची उंची सुमारे १४ मीटर. वरच्या भागात चारही बाजूंनी फिरणारा, कुरआनच्या आयतींचा पट्टा सुमारे ४७ मीटर लांब आणि ९५ सेंटीमीटर रुंद असतो. तो १६ तुकड्यांचा आहे. दाराचा पडदा वेगळा असतो आणि त्यावर सगळ्यात दाट काम असतं.

अक्षरं उठावदार कशी होतात? कापड चौकटीवर ताणतात, अक्षरावर सुती धाग्याचा भराव देतात आणि मग त्यावर सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार हाताने टाकतात. ज्या घरात जरदोजीचा अड्डा आहे, त्या घरातल्या बायकांना हे सांगावंही लागणार नाही. बघताक्षणी ओळखतील.

यात आपल्याकडचे हातही आहेत

पूर्वी गिलाफ अनेक शतकं मिस्रहून, म्हणजे इजिप्तमधून यायचा. १९२६ साली वाद झाला आणि तो यायचा थांबला. तेव्हा १९२७ मध्ये मक्केतल्या अजयाद भागात कारखाना सुरू झाला आणि त्यासाठी हिंदुस्थानातून विणकर आणि माग नेले गेले. पुढे काही वर्षं गिलाफ पुन्हा मिस्रहून आला. १९६२ पासून मात्र काम मक्केतच होतं. उम्मुल-जूदची इमारत १९७७ ची. २०२२ पासून गिलाफ ९ जिल्हिज्जाऐवजी १ मुहर्रमला बदलतात.

एक सावधगिरी

बाजारात कुणी "गिलाफाचा अस्सल तुकडा" म्हणून विकत असेल तर भुलू नका. उतरवलेला गिलाफ सरकारी ताब्यात जातो, दुकानात येत नाही. नक्षी आवडली तर नक्कल समजूनच घ्या, तेवढेच पैसे द्या.

आणि जाण्याआधी

आमच्या वर्गात विणकरांच्या घरातली मुलं आहेत. मोमिनपुरा, कामठी हा भाग एकेकाळी हातमागाचा. "दादा काय करायचे?" विचारलं की मुलं मान खाली घालतात. "असंच, मागावर होते," म्हणतात. १९२७ ची गोष्ट सांगितली तेव्हा एका मुलाने मान वर केली. विचारलं, "सर, आमच्यासारखेच लोक गेले होते का?" आम्ही म्हटलं, "हो बेटा, मागावर बसणारेच."

म्हणून आमची विनंती आहे. घरात माग चालवलेले दादा किंवा जरदोजी केलेली नानी असेल तर निघण्याआधी एक संध्याकाळ मुलांना त्यांच्याजवळ बसवा. ताणा काय, बाणा काय, तार कशी टाकतात, ते विचारू द्या. शक्य असेल तर त्यांनाच सोबत न्या. तिथे गाईड जे सांगेल, त्यापेक्षा जास्त ते सांगतील, इन्शाअल्लाह.